पायलटने राखून ठेवलेली गोष्ट

माझ्या भावाला सगळे पायलट म्हणतात. विमान त्याने फक्त खालून पाहिलंय, मान वर करून, डोळ्यांवर हात धरून. तो चालवतो ती आमच्या रोपवाटिकेची हिरवी गाडी. दोन सीटची, जाड दातेरी टायरांची, डोक्यावर लोखंडी सांगाडा आणि मागे सामानासाठी हौदा. टेकडीच्या पायथ्याला आमच्या शेड आणि कामगारांची घरं, वर टप्प्याटप्प्याने रोपांचे वाफे, आणि मधे जे काही आहे त्याला रस्ता म्हणायला जीभ रेटत नाही. दगड, घसरडी माती, एक ओढा आणि ओढ्याला लागूनच अंगावर येणारा चढ. साध्या गाडीचं तिथे काम नाही. ही मात्र दगडावरून टुणकन उडी मारून पुढे जाते, म्हणून तिचं नाव बेडकी.

दादाचा स्वभाव लहानपणापासून असा, की जे त्याचं ते त्याचंच. त्याला सायकल मिळाली तेव्हा मी नुसतं घंटीला बोट लावलं, तर हा ती घंटी पुसत बसला. मनाने वाईट नाही. मी सासर कायमचं सोडून आले तेव्हा एका शब्दाने कारण न विचारता त्याने मला घरात घेतलं, स्वतःची खोली दिली आणि वहिनीला घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. पण त्याच्या हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसली की याचं पोट दुखायला लागलंच म्हणून समजा. औषध नाही त्यावर.

बेडकी त्याच्या ताब्यात आली आणि या स्वभावाला कुरण मिळालं. सकाळी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये जायचं. आधी गाडीखाली वाकून जमिनीवर तेलाचा थेंब पडलाय का ते बघायचं. मग टायरची हवा, चाकांचे नट, ब्रेकचं तेल. इंजिन बंद असतानाच ब्रेक दाबून बघायचा, पाय खोल गेला तर गाडी जागची हलणार नाही, साहेब आले तरी. हवेचा फिल्टर काढून धूळ झटकायची. आमच्याकडची धूळ पिठासारखी बारीक, फिल्टर तुंबला की इंजिनाला धाप लागते. हे सगळं झालं की हेल्मेट, मग सीटचा पट्टा, आणि मगच किल्ली. किल्ली दोरीने गळ्यात. आंघोळीच्या वेळीसुद्धा ती खुंटीवर टांगलेली मी कधी पाहिली नाही.

त्याचे नियम अख्ख्या रोपवाटिकेला तोंडपाठ होते, कारण तो ते सांगायचा थांबतच नसे. हौद्यात माणूस बसवायचा नाही. एकदा एक म्हातारी मजूरबाई पाय धरून मटकन खाली बसली, तर दादाने सीटवर बसलेल्या माणसाला उतरवलं, तिला तिथे बसवून पट्टा बांधला आणि वर नेलं. उतरवलेला माणूस मॅनेजरसाहेबांचा पाहुणा होता. तो दुपारी चिखलाने भरलेले बूट घेऊन ऑफिसात आला तेव्हा साहेबांनी दादाला बोलावून घेतलं, आणि दादाने उलट साहेबांनाच नियम ऐकवले.

घरी जेवायला बसलं की तेच पुराण. पाण्याची टाकी न्यायची तर काठोकाठ भरून, नाहीतर रिकामी. अर्धवट भरलेली टाकी उतारावर डुचमळते आणि पाणी जिकडे जाईल तिकडे गाडीला ओढतं. चढावर गाडी अडली तर वळवायची नाही, ब्रेक धरायचा आणि जशी गेली तशी सरळ मागे आणायची. मी समोर बसून जांभया द्यायचे. वहिनी वाढता वाढता ऐकायची आणि मधेच एखादा प्रश्न विचारायची. दादाला वाटायचं, बायको कौतुकाने ऐकतेय. मलाही तसंच वाटायचं.

मग हा महाभाग पडला. बेडकीवरून नव्हे. इतकी वर्षं त्या टेकडीवर ज्याने गाडीला ओरखडा येऊ दिला नाही, तो घरातला पंखा पुसताना स्टुलावरून पडला आणि उजवा हात मोडून घेतला. पंखा पुसायला वहिनीने सांगितलं होतं. पुढे तिच्या हातात किल्ली आली तेव्हा दादाने तिला सुनावलं, की हे सगळं तू ठरवूनच केलंस. म्हणाला हसत, पण डोळे काही हसत नव्हते.

किल्ली कुणाला द्यायची यावर साहेबांनी शेडसमोर सगळ्यांना जमवलं. पुढे आलेल्यांपैकी एकाने हेल्मेट स्टीअरिंगला अडकवून गाडी सुरू केली, त्याला दादाने गाडी हलायच्या आतच उतरवलं. दुसऱ्याने चढावर मधेच गाडी आडवी वळवायला घेतली, तेव्हा दादा प्लॅस्टरसकट त्याच्या अंगावर धावून गेला. मग साहेबांनी विचारलं, अजून कोणी? आणि आमच्या वहिनीने हात वर केला.

खरं सांगायचं तर जळायला मीही तिथे होतेच. हात वर करायचं माझ्याही मनात आलं होतं. हाताने अर्धा विचार केला, तेवढ्यात शेजारून तिचा वर गेला. बेडकीच्या गोष्टी मी तिच्याइतक्याच ऐकल्या होत्या, शिवाय भाऊ आधी माझा होता, नवरा तिचा नंतर झाला. पण मी जांभया देत ऐकल्या होत्या, त्याला कोण काय करणार.

तिने गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून जमीन पाहिली, बंद गाडीचा ब्रेक दाबला, हेल्मेट घातलं, पट्टा लावला. चढावर मधोमध साहेबांनी थांब म्हटलं, ती थांबली. परत ये म्हटलं, तर मान मागे वळवून, गाडी न वळवता, सरळ रेषेत खाली आली.  मी दादाकडे पाहिलं. तो टायरकडे पाहत होता. म्हणाला, आज हवा थोडी कमी आहे, पकड बसते, म्हणून जमलं.

साहेबांनी तिला किल्ली दिली आणि दादाला सांगितलं, आता हिला नीट तयार करा. त्याने केलं. प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून तो तिच्या शेजारी बसायचा आणि वर जाईपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. ओझं हौद्यात पुढच्या बाजूला आणि खाली ठेव. दोरी अशी नाही, अशी बांध. उतार लागायच्या आधी लो गिअर टाक, लागल्यावर नाही. ग्रीस कुठे भरायचं, फिल्टर कसा धुवायचा, बेल्ट झिजलाय हे वासावरून कसं ओळखायचं. त्याने शिकवण्यात कसूर केली नाही, हे मी शपथेवर सांगेन. फक्त ओढा आला की म्हणायचा, हा कोरडाच असतो, चल पुढे.

पहिले काही दिवस तो तिच्या चुका मोजत होता. नंतर चुका मिळेनात आणि तिथून त्याचं खरं बिघडलं. घरी बसून खिडकीतून इंजिनाचा आवाज ऐकायचा. दुसऱ्या वळणावर उशीर केला, असं पुटपुटायचा. संध्याकाळी गाडी परत आली की डाव्या हाताने चाचपत तिच्याभोवती फिरायचा. काही सापडलं तर बरं वाटलं असतं बिचाऱ्याला. सापडायची ती एवढीच गोष्ट, की वहिनी उंचीला कमी म्हणून सीट पुढे सरकवलेली आणि पाठीशी एक उशी. ती उशी तो काढून फेकायचा. दुसऱ्या दिवशी ती परत जागेवर असायची. दोघांपैकी कुणीही त्या उशीबद्दल अवाक्षर काढलं नाही, पण घरात माझं जेवण मात्र कडू व्हायला लागलं.

त्यात लोकांना काही पोच नाही. नव्याने कामाला लागलेल्या एका माळ्याने दादाला नळावर विचारलं, तुम्ही पायलटबाईंचे मिस्टर ना? दादा हो म्हणाला. काय करणार, होताच तो. त्या दिवशी तो भाजीला मीठ नाही म्हणून उठून गेला, आणि भाजी मी चाखली होती, मीठ होतं. मग वर्कशॉपच्या मिस्त्रींनी भर घातली. दादाचे जुने दोस्त, मनात एक आणि ओठांवर दुसरं असा माणूस नाही, आणि तोच तर घोळ. म्हणाले, हल्ली गाडीचा आवाज मऊ लागतोय रे, तू जरा रेटत होतास तिला. आणि साहेबांनी कडी केली. प्लॅस्टर निघालं तेव्हा म्हणाले, घाई करू नका, वहिनी छान सांभाळतायत, तुम्ही शेडमधलं काही बघा. दादाला शेडमधलं काही बघायचं नव्हतं. किल्ली आता आपल्या गळ्यात परत येत नाही, हे त्या दिवशी त्याला कळलं.

त्या संध्याकाळी तो ओट्यावर बसला होता. मी शेजारी धान्य निवडत होते. वहिनी शेडमध्ये गाडी धुत होती. तो एकाएकी म्हणाला, "ओढ्याची एक गोष्ट आहे. ती मी तिला सांगितलेली नाही."

मी विचारलं, कोणती?

"आहे एक. पाणी असताना कळते."

"मग सांग की तिला."

"ज्याची त्याने शिकायची असते ती."

मी सूप खाली ठेवलं. आमच्या दोघांचा राग एकाच कारखान्यातला, तो आम्ही सहसा एकमेकांवर वाया घालवत नाही, पण तेव्हा मला राहवलं नाही. शिकताना तिला काही झालं तर, असं मी त्याला रोखठोक विचारलं. तो म्हणाला, होतंय काय, गाडी चढावर अडेल, बस. मग कोणालातरी बोलवावं लागेल. कोणाला बोलवावं लागेल ते त्याने सांगितलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा समाधान दिसलं. ती गोष्ट काय ते मी खोदून खोदून विचारलं. मला सांगितली तर तिच्यापर्यंत जाईल, एवढी अक्कल त्याला होती.

मी तडक शेडमध्ये गेले आणि वहिनीला सांगितलं, की तुझा नवरा ओढ्याचं काहीतरी लपवून बसलाय. वाटलं, भडकेल. ती चाकाच्या आतला चिखल बोटाने काढत होती, ती काढतच राहिली. म्हणाली, "वन्सं, सगळंच तर घेतलं मी त्यांचं. एवढं राहू दे त्यांच्याकडे."

मला तिचा संताप आला. एवढा मोठेपणा कशाला दाखवायचा माणसाने? मी असते तर त्याला जेवायला वाढलं नसतं. तिला किल्ली मिळाली याचं मला वाईट वाटत होतंच, आता तिला हा स्वभावही मिळालाय याचंही वाटायला लागलं. काही माणसांना सगळंच मिळतं, असं पुटपुटत मी घरी आले.

टेकडीच्या माथ्यावर आमचं तळं आहे. वाफ्यांना पाणी तिथूनच येतं. त्यातला गाळ काढायचा असला की तळं रिकामं करतात आणि ते सगळं पाणी ओढ्यात सोडतात. यंदा गाळ काढायचं ठरलं आणि कोरडा ओढा खळाळून वाहायला लागला. तळं रिकामं म्हणजे वरच्या वाफ्यांना पाणी नाही, म्हणजे पाणी खालून टाकीने न्यायचं, म्हणजे बेडकी. मलाही वरच्या वाफ्यांवर काम होतं, म्हणून वहिनीच्या शेजारची सीट मला मिळाली. टाकी काठोकाठ भरून हौद्यात पुढे बांधली होती. गाडी मागून जडशीळ झालेली मला बसल्या जागी जाणवत होती.

ओढ्याशी वहिनी थांबली. उतरून काठीने पाणी किती खोल आहे ते बघितलं, चाकाशी माप लावून पाहिलं, मग परत बसली आणि सावकाश, न थांबता गाडी पाण्यात घातली. पाणी पायांखालच्या पत्र्याला चाटून गेलं. मी पाय वर घेतले. पलीकडे गेलो, आणि पलीकडे लगेच तो चढ. चढाच्या आधी गाडीहून थोडीच मोठी अशी सपाट जागा आहे, तिथे तिने गाडी उभी केली.

मी म्हटलं, चल ना.  तिने हँडब्रेक लावला, गिअर न्यूट्रलला घेतला, ब्रेकवर पाय दाबून धरला आणि दुसऱ्या पायाने इंजिन असं काही रेस केलं, की मी कानांवर हात ठेवले. सीटखालून वाफ यायला लागली, ओल्या रबराचा वास सुटला. थोडं थांबून परत तसंच. मला वाटलं, बाई मला ऐट दाखवतायत. मग तिने त्या सपाट जागेवरच गाडी हातभर पुढे, हातभर मागे हलवली आणि हलवताना ब्रेक हळूच लावत राहिली, सोडत राहिली. मी विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात वरच्या झुडपांतून दादा आला.

आला म्हणजे वरच्या अंगाला ओढा ओलांडून पायवाटेने घसरत आला. पायात एकच चप्पल. प्लॅस्टर निघालेला हात दुसऱ्या हाताने छातीशी धरलेला. घरी कुणीतरी त्याला सहज सांगितलं होतं, की आज टाकी भरून वर नेतायत. ते ऐकल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला होता. रिकामी गाडी चढावर अडली असती. भरलेल्या टाकीची गाडी नुसती अडत नाही. ओढ्यात बेल्ट भिजलेला, तो चढावर घसरणार, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचणार नाही. ब्रेक भिजलेले, ते धरणार नाहीत. मग गाडी मागे येणार, मागे म्हणजे ओढ्यात, आणि गाडीत त्याची बायको आणि त्याची बहीण. एवढा हिशोब त्याने आपल्या समाधानात केलाच नव्हता.

तो गाडीसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. "चढू नकोस," म्हणाला. "आधी बेल्ट वाळव."

"वाळवला," वहिनी म्हणाली.

त्याने सीटखालून येणारी वाफ पाहिली. वास घेतला. गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. मला वाटलं, आता हा रडणार. तो वर बघून म्हणाला, "कुणी सांगितलं तुला?"

"मिस्त्रींनी. वन्संनी सांगितलं की ओढ्याचं काही आहे, म्हणून विचारायला गेले."

आणि माझ्या भावाचं तोंड कसं झालं ते मी पाहिलं. बायको जिवंत समोर बसलीय, तरी त्याच्या पोटात दुखलंच. "मिस्त्रीला काय कळतं ओढ्यातलं?" तो म्हणाला. "ओढा कधी ओलांडलाय का त्याने गाडीने?"

"नाही. ते म्हणाले, हे मला तुझ्या नवऱ्यानेच शिकवलं. फार वर्षांपूर्वी." वहिनीने इंजिन बंद केलं. पाण्याचा आवाज मोठा झाला. "मग मला विचारत होते, पायलटने तुला नाही सांगितलं का?"

 मिस्त्रींना ते कळलं म्हणजे शेडला कळलं, शेडला कळलं म्हणजे साहेबांना. मोडलेल्या हाताची कीव करणारी माणसं उद्यापासून त्याच्याकडे कसं बघणार, ते त्याला तिथे उभ्या उभ्या दिसत असणार. त्याने विचारलं तेव्हा त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "तू काय सांगितलंस?"

"सांगितलं होतं म्हटलं. माझ्याच लक्षात राहिलं नाही."

त्याने मान खाली घातली. मी सीटचा पट्टा सोडायला लागले, म्हटलं, तू बस, मी चालत येते. त्याने हातानेच नको म्हटलं आणि गाडीच्या वाटेतून बाजूला झाला, चढणाऱ्या गाडीच्या मागे कुणी उभं राहू नये तसा, बराच लांब. वहिनीने गाडी सुरू करून लो गिअर टाकला. बेडकी चढाला लागली, टाकी जड होती, पण चाकं कुठेही घसरली नाहीत. मी मागे वळून पाहिलं. तो ओढ्याशी होता तिथेच उभा होता, एका पायात चप्पल, आणि आमच्याकडे बघत होता.

वहिनी समोर बघून गाडी चालवत होती. तिच्या पाठीशी उशी होती, गळ्यात किल्लीची दोरी होती, आणि मला त्यातल्या कशाचंच काही वाटेना. माझ्यासाठी एवढं खोटं आजवर कुणी बोललेलं नाही. मला हेवा वाटत होता तो दादाचा.